नदीपल्याडची घोंगडी

वारलू आणि मी बरेच हंगाम एकाच आऱ्यावर लाकूड चिरत होतो. तो लाकडावर उभा, मी खाली. वरचा माणूस रेघ सांभाळतो, खालचा भुसा खातो. वारलूची रेघ कधी हलली नाही. म्हणून त्याच्याबद्दल लिहितो. बाकी तो आरमोरीकडचा साधा मजूर होता, आणि बाजारात भारी चिवट.

आरमोरीच्या बाजारात त्याची रीत ठरलेली. वस्तू उचलायची, तिला नावे ठेवायची, निम्म्याने मागायची आणि पाठ फिरवून चालू लागायचे. दुकानदार हाक मारायचाच. तिथे हा खेळ दोघांनाही माहीत असतो. कोणी मनावर घेत नाही.

१९५४च्या हिवाळ्यात आम्ही सिरोंच्याकडे सागवान चिरत होतो. गावी वारलूचा बाप, लटारूबुवा, थंडीने बेजार. आडवा झाला की खोकला, म्हणून रात्र शेकोटीजवळ बसून काढायचा. वारलूने त्याला घोंगडीचा शब्द दिला होता. प्राणहितेपलीकडे, तेव्हाच्या हैदराबाद राज्यात, तेलुगू धनगर चांगली घोंगडी करत. आमचे काम संपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडे निघायचे होते. म्हणजे घोंगडी मिळाली तर त्या दिवशीच्या पलीकडच्या बाजारातच.

लच्छू डोंगेवाल्याने आम्हाला पार नेले. बाजारात एक म्हातारी एकच घोंगडी घेऊन बसली होती. काळीभोर, जाड. वारलूने ती उचलली, झटकली, तोंड वाकडे केले.

"वीण सैल हाय. वासही मारते."

म्हातारीला शब्द कळले नाहीत, तोंड कळले. तिने घोंगडी हातातून काढून घेतली, घडी घातली आणि तिच्यावर बसली.

वारलू पाठ फिरवून निघाला. हळूहळू चालला. मिठाच्या ढिगाऱ्यापाशी थांबून त्याने मागे पाहिले. म्हातारी सुपारी फोडत होती.

"हाक नाई मारून राह्यली," तो म्हणाला.

"तिले काय गरज पडली?" मी म्हणालो.

आम्ही डोंग्यापाशी आलो. लच्छूला दोन्हीकडची भाषा येत होती. त्याने सगळे ऐकून घेतले.

"सैल म्हणलास? सूत तिनं कातलं, विणली तिच्या माणसानं. तुह्या फळीले कोणी वाकडी म्हणलं त तू का करशीन?"

वारलूने मागे बाजाराकडे पाहिले.

"इकडं भाव पाडत नाईत बे. पटला त हो म्हणायचं. मंग वरून काई मागायचं. ते नाई म्हणत नाईत. जाय आता. पयले हातानं पाहाय, तोंडानं नोको."

वारलू परत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. बोलला नाही. ती उठली नाही. तोही उठला नाही. उन्हे कलली. शेवटी ती बाजूला सरकली आणि तिने घडी त्याच्याकडे ढकलली.

दोन पट्टे जोडून घोंगडी केली होती. त्या शिवणीवरून वारलूने अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओंडक्यावरची रेघ तो अशीच तपासायचा.

"सरळ हाय," तो मला म्हणाला.

म्हातारीने बोटांवर भाव सांगितला. जास्त होता. वारलूने मान डोलावली. पैसे दिल्यावर त्याने तिच्या टोपलीतल्या लोकरीच्या गुंड्याकडे बोट केले. म्हातारी हसली. गुंडा दिला, वर सुपारीचे खांडही दिले.

आरमोरीत त्याने घासाघीस सोडली नाही. तिथली रीत ती.

गावी पोचलो तेव्हा लटारूबुवा अंगणात बसला होता. त्याने घोंगडी मांडीवर घेतली, दोन बोटांनी चिमटली, नाक मुरडले. शेवटी तोही आरमोरीच्याच बाजारात वाढलेला.

"वीण सैल दिसते रे."

"बाबा," वारलू म्हणाला, "नावं ठेवशीन त मी वापस नेऊन देईन."

म्हाताऱ्याने घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली.