वस्तीचं नेट पास झालं

माझं काम हातांचं. म्हणजे निंदण-खुरपणाचं नव्हे. मेथीच्या वाफ्यातली माझी करामत एकदा पाहिल्यापासून नवरा मला खुरपं देतच नाही. मी ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी दुभाष्याचं काम करते. कुणी दवाखान्यात बसलेलं असतं, कुणी बँकेत, कुणी तहसील कचेरीत. समोरचा माणूस बोलतो ते मला फोनवरून ऐकू येतं, मी ते व्हिडिओवर हातांनी सांगते, आणि त्यांचे हात जे सांगतात ते मी तोंडानं बोलते. माझ्या मोठ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे ही खुणांची भाषा मला कुणी शिकवली नाही, ती घरातच होती, वरण-भातासारखी. लहानपणी मला स्वप्नंही हातांचीच पडत. त्यात कुणी बोलत नसे, नुसती बोटं हलत, आणि सगळं कळे.

लग्न करून मी केळझरच्या जवळ, डांबरी रस्त्यापासून आत असलेल्या या वस्तीत आले. सगळी भाजीपाल्याची घरं. आमच्या घरात नवरा, मी आणि सासरे, ज्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. माझ्या कामाचं मुख्य केंद्र नागपूरला, पण घरून काम करायची मुभा होती. मग गच्चीवरच्या खोलीची एक भिंत आम्ही साध्या निळ्या रंगानं रंगवली, म्हणजे तिच्यापुढं हात स्वच्छ दिसतात. समोर खिडकी. खिडकीतून वांग्याचे तास, सांबाराचे वाफे (कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात) आणि पलीकडं टेकडी. दोन कॉलच्या मधल्या वेळात मी टेकडीवरून उतरणारी ढगांची सावली बघत बसायची. सावली वांग्यांवरून चालत यायची, आमच्या गच्चीवर चढायची, माझ्या हातांवरून जायची. त्याच वेळी फोन वाजला की मला उगाच वाटायचं, तो त्या सावलीतूनच आला.

मामाजी कधीकधी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसत आणि माझे हात बघत राहत. बाहेर लोकांना सांगत, "आमची सून हातानं बोलते. तोंडानं तर बोलतेच, ते काई सांगाचं काम नाई."

मला इथंच राहायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ही खोली, ही खिडकी, खालून येणारा ओल्या मातीचा वास आणि हे काम, मला दोन्ही हवं होतं. एक सोडून दुसरं नको होतं.

आता आमचं नेट. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक पेटी आहे. तिथून एकच तार आमच्या वस्तीकडे येते आणि सगळी घरं त्या एकाच तारेवर लोंबकळतात. दिवसा लोक शेतात, तेव्हा तार मोकळी. संध्याकाळी माणसं घरी आली, हातपाय धुतले, चहा झाला की घराघरात फोन उघडतात. कुणी भाजीचे भाव बघतं, कुणी मालिका, कुणी पुण्याच्या मुलाचं तोंड. आणि दवाखाने नेमके संध्याकाळचे.

एकदा कारंज्याकडच्या एक बाई डोळ्याच्या दवाखान्यातून जोडल्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही, चष्म्यावर भागेल." मी ऑपरेशनची खूण केली, डोळ्याजवळ सुरीसारखं बोट नेलं, आणि तेवढ्यात चित्र अडकलं. आवाज मात्र चालू होता. मला डॉक्टरांचं ऐकू आलं, "अहो, या रडायला का लागल्या?" इथं माझ्या खोलीत माझे हात जिवाच्या आकांतानं नाही, नाही म्हणत होते. तिथं त्या बाईंसमोर एक बाई डोळ्याशी सुरी धरून गप्प उभी होती. चित्र परत आलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला होता, म्हणजे आता मी काहीही सांगितलं तरी त्यांना दिसणार नव्हतं. शेवटी कंपाउंडरनं कागदावर चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

त्या दिवशी मी जेवले नाही. नागपूरच्या केंद्रातल्या मॅडमनी समजुतीनंच सांगितलं, की दिवाळीपर्यंत लाईन सुधारा, नाहीतर इथं येऊन बसा. चूक त्यांचीही नव्हती.

मी नेटवाल्यांकडे फोनवर तक्रार केली. पलीकडून गोड आवाज आला, "मॅडम, तुमच्याकडे स्पीड छान दिसतोय." कधी मोजला? सकाळी. कुठं मोजला? पेटीपाशी. कुठला मोजला? डाऊनलोड. आता डाऊनलोड म्हणजे जे घरी येतं ते, आणि अपलोड म्हणजे जे घरातून जातं ते. माझं सगळं पोट जाण्यावर. पण घरातून काही जात असेल, आमच्या वस्तीकडे जगाला सांगायसारखं काही असेल, हे मोजणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हतं. आम्ही बघावं, ऐकावं, विकत घ्यावं, एवढ्यापुरता आमचा वेग बरोबर होता. मी फोन आपटला. माझा स्वभावच तसा आहे, भाऊ म्हणतो माझे हातसुद्धा ओरडतात.

मग एक दिवस ग्रामसेवकांनी बातमी आणली. गावोगावच्या नेटची मोजणी होणार, आणि जिथं कमी भरेल तिथं वस्तीपर्यंत नवी, वेगळी तार टाकणार. माणसं येणार नागपूरहून, दुपारी. मी म्हटलं, दुपारी? दुपारी तर वस्तीत चिमण्या असतात. मी पंचायतीत खेटे घातले, फोन केले, ज्याला फोन करावा तो म्हणे वेळ ठरवणं आमच्या हातात नाही. ते कुणाच्या हातात आहे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मीही चिकटून राहिले. अखेर कुणीतरी कंटाळून हो म्हटलं आणि संध्याकाळची वेळ मिळाली. मी घरी आले ती जवळजवळ नाचतच. आयुष्यात पहिल्यांदा मला नापास व्हायची घाई झाली होती.

मामाजींनी विचारलं, "काऊन एवढी खुश हायेस?"

"नेट मोजायला नागपूरचे साहेब येणार आहेत, संध्याकाळी."

"म्हंजे तुह्या नेटची परीक्षा हाय तर."

"तसंच समजा," मी हसत म्हटलं आणि पोळ्या लाटायला गेले.

ती संध्याकाळ अजून माझ्या अंगावर आहे. साहेब आले तेव्हा ऊन टेकडीमागं गेलं होतं आणि हवेत हळदीसारखा उजेड उरला होता. अंगणात रांगोळी होती. ती मी काढलेली नव्हती. मला वाटलं, शेजारच्या काकूंनी हौसेनं काढली असेल. साहेब चाळिशीचे, हसऱ्या तोंडाचे. त्यांनी गच्चीवर लॅपटॉप उघडला, एक छोटं यंत्र जोडलं आणि वायर सोडवत बसले. मी खिडकीशी उभी राहिले. वस्ती इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. कुठल्या मालिकेचं गाणं नाही, कुणाच्या फोनची घंटी नाही. गाईच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. बाया ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत होत्या, पुरुष नुसते बसले होते. कुणी बोललंच तर हळू. जणू सगळी वस्ती माझ्या लहानपणच्या त्या स्वप्नात येऊन बसली होती. मला इतकं बरं वाटलं, की ही शांतता आली कुठून हे विचारायचं सुचलंच नाही.

"मॅडम," साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली, "एवढा स्पीड तर आमच्या ऑफिसात नाही!"

डाऊनलोड चांगला. अपलोडही चांगला. मी आकड्यांकडे पाहिलं, मग परत खाली पाहिलं, आणि मला सगळं एकदम कळलं. एकाही ओट्यावर फोनचा उजेड नव्हता. निंबाखाली मामाजी उभे होते आणि कुणालातरी ओठांवर बोट ठेवून गप्प करत होते. सकाळी लोक शेतात जायच्या आधीच ते घरोघरी फिरून सांगून आले होते. आपल्या सुनेच्या नेटची परीक्षा हाय, साहेब जाईपर्यंत कोनी फोन लावू नका, टीवी लावू नका. गावात कुठलीही तपासणी आली की आम्ही हेच करतो. स्वच्छतेची समिती येणार म्हणून इथं रस्ते झाडले जातात, शाळेत साहेब येणार म्हणून भिंती पोतारल्या जातात. पाहुण्यासमोर घर आवरून ठेवायचं, ही आमची रीत. तसंच त्यांनी नेट आवरून ठेवलं होतं.

"सर, हे खरं नाही," मी म्हटलं. "आज सगळ्यांनी बंद ठेवलंय. परत मोजा."

त्यांनी परत मोजलं. परत तेच. मग मी खिडकीतून ओरडले, "चालू करा! सगळे चालू करा!" खाली लोकांना वाटलं, परीक्षा संपली. टाळ्या वाजल्या, घराघरात उजेड झाले, मालिकांची गाणी सुरू झाली, आणि तिसऱ्या वेळी आकडा असा कोसळला की साहेबांनाही हसू आलं.

"आता हे लिहा ना," मी म्हटलं.

"तिन्ही आपोआप जातात मॅडम. पण दिवसातलं सगळ्यात चांगलं असतं, तेच धरतात वरती." त्यांनी वायर गुंडाळायला घेतली. माणूस वाईट नव्हता. जाताना काकूंनी दिलेली सांबाराची जुडी त्यांनी कपाळाला लावून घेतली.

खाली सगळे जमले होते. "पास झालं का वं?" काकूंनी विचारलं.

त्यांच्या तोंडाकडे बघून मला दुसरं काही म्हणता येईना. "झालं," मी म्हटलं. कुणीतरी साखर वाटली.

मला राग आला होता. खूप आला होता. पण तो ठेवायचा कुणावर? ज्यांनी माझ्यासाठी मालिका सोडल्या त्यांच्यावर? रोजची वस्ती कुणाला दिसतच नाही. मोजणाऱ्याला दिसते ती त्याच्यासाठी तयार होऊन बसलेली. आणि वरती तीच जाते.

काही दिवसांनी कळलं, की आमचं गाव चांगल्यांत धरलं गेलं आणि नवी तार दुसरीकडे गेली. मामाजींना मीच सांगितलं, जिन्याच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसून.

"नापास व्हाचं हाय हे आधी सांगतलं असतं," ते म्हणाले, "तर सारी वस्ती एका टायमाले फोन घेऊन बसली असती. तेबी केलं असतं आमी."

"माहीत आहे मामाजी."

"पन मंग तेबी खोटंच झालं असतं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खरं मोजाले कवा येतीन ते?"



दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला उपाय सुरू केला. मला न सांगता. माझ्या कामाच्या वेळी वस्ती पुन्हा गप्प होऊ लागली. त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर होत्या. चित्र कुठं अडकत नव्हतं, हात पाण्यासारखे वाहत होते, खिडकीबाहेर उजेड हळूहळू विरत होता. मी काम करतेय की झोपेत आहे, हे मला कळत नसे. मग एकदा काम लवकर संपवून खाली आले, तर काकू बंद फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेल्या दिसल्या. त्यांचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे आणि त्याला हीच वेळ सापडते. "राहू दे वं," काकू म्हणाल्या, "आवाज तर मी रविवारी ऐकतेच त्याचा." पलीकडच्या घरात कॉलेजातली पोरगी पुस्तक मिटून माझी ड्युटी संपायची वाट बघत होती.

मी वर गेले आणि नागपूरला फोन लावून सांगितलं, येते. नवरा सकाळी म्हणाला, शनिवारी न्यायला येत जाईन. मामाजी एवढंच म्हणाले, "लोकायले मी सांगतो. तू काई बोलू नको."

त्यांनी काय सांगितलं ते मला निघायच्या दिवशी कळलं. केळझरच्या थांब्यावर अर्धी वस्ती आली होती. वांगी, मेथी, सांबार, माझ्या पिशवीत जागा उरली नव्हती. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. अभिमानानं त्यांचं तोंड फुललं होतं.

"परीक्षेत पास झाली म्हनून मोठ्या ऑफिसात बोलावलं म्हंते तुले," त्या म्हणाल्या. "आमी बंद ठेवलं म्हनूनच चालली ना वं तू नागपूरले?"

मामाजी रस्त्याकडे बघत होते.

"हो काकू," मी म्हटलं, "तुमच्यामुळंच."

काकू सगळ्यांकडे वळून हसल्या. बस आली. मामाजींनी माझी पिशवी आत नेऊन सीटखाली सरकवली. गर्दी मागून ढकलत होती, तसे ते उतरले. खाली माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले, आणि बस हलेपर्यंत आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही, कारण दोघंही रडत होतो आणि काकूंना ते दिसू द्यायचं नव्हतं.