लाईट गेली नव्हती

तयार वस्तूचा एवढा राग असणारा माणूस आख्ख्या सोलापुरात दुसरा नसावा. माझ्या आत्तीचे मालक, आमचे मामा. उभा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेला. बिघडलेले माग खोलायचे आणि परत लावायचे. त्यामुळं स्वतः खोलून बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. शेंगाचटणी विकतची चालत नाही, स्वतः उखळात कुटतात. चपलेला तळ स्वतः ठोकतात आणि मग आठवडाभर लंगडतात. पोरानं नवा मिक्सर पाठवला, तर आत्ती नारळ फोडून आणेपर्यंत मामांनी त्याची मोटार ताटात काढून ठेवली होती. आत्ती म्हणते, "लग्नाआधी मला खोलून बघितलं न्हाई, एवढंच माझं नशीब."

रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारातला एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. लिनक्सचा एक प्रकार असा असतो की त्यात तयार प्रोग्रॅम घ्यायचे नसतात. मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्याच मशीनवर एकेक प्रोग्रॅम घडवायचा. मामांना हे मोबाईलवरच्या व्हिडिओतनं कळलं आणि ते हरखलेच. इंग्रजी कमांडी एकेक अक्षर चितारल्यासारख्या वहीत उतरवल्या. नव्या मशीनला तासाभराचं काम या म्हाताऱ्या मशीनला दोन-तीन दिवस पुरायचं. मामा समोर बसून पडद्यावरच्या ओळी बघायचे, माग चालू असताना धाग्याकडं बघावं तसे.

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिला. बीसीएसचं सर्टिफिकेट आईनं देवाच्या फोटोशेजारी लावलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे. मामा चारचौघांत "हे आमचं कॉम्प्युटरचं कॉलेज शिकलेलं" अशी माझी ओळख करून देतात. खरं सांगायचं तर असलं काम मी कॉलेजात कधी केलं नव्हतं. पण तसं बोललो नाही. मामा काहीही विचारोत, मी "असंच असतंय" म्हणून मान हलवायचो.

तेवढ्यात मस्कतला मामांच्या पोराला मुलगी झाली. शनिवारी बारसं. आपण घडवलेल्या मशीनवर नात दाखवतो, असं मामांनी गल्लीभर सांगून टाकलं. सगळं तयार होतं, फक्त व्हिडिओ कॉलला लागणारा ब्राउझर घडायचा राहिला होता. त्याचं काम दोन दिवस चालूच होतं. गुरुवारी सकाळी मामा आणि आत्ती अक्कलकोटला निघाले, तेव्हा किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "नुसतं बघत बस. थांबलंय असं वाटंल, पण थांबलेलं नसतंय. हात लावू नको."

तास झाला, ओळ हलेना. मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता. माझ्यातला पदवीधर जागा झाला. हँग झालंय, असं ठरवून मी बटण दाबून धरलं. मशीन परत चालू करून आतल्या नोंदी बघितल्यावर कळलं, काही थांबलं नव्हतं. दोन दिवसांचं काम गेलं होतं आणि ब्राउझर पहिल्यापासून घडवायला लागणार होता.

दुपारी मामा आले. मी म्हणालो, "लाईट गेल्ती मामा."

मामांनी एकदा टेबलाखाली बघितलं, एकदा माझ्याकडं.

"व्हय. जाती की लाईट," म्हणाले, आणि प्रसाद माझ्या हातावर ठेवला.

शनिवारी मांडलेल्या खुर्च्यांवर गल्ली येऊन बसली आणि माझाच मोबाईल या हातातनं त्या हातात फिरला. नात अंगठ्याएवढी दिसत होती. मामांनी चष्मा काढून फोन डोळ्यांपाशी धरला, तेवढ्यात तो पुढच्यानं मागून घेतला. शेजारचे तात्या म्हणाले, "काय मामा, कापड अजून मागावरच व्हय?" सगळे हसले. मामाही हसले. "लाईट गेल्ती तात्या," म्हणाले. माझं खोटं त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

खुर्च्या उचलताना टेबलाखाली माझा पाय कशाला तरी आपटला. वाकून बघितलं तर भलीमोठी बॅटरी, मामांनी स्वतः कॉम्प्युटरला जोडलेली. लाईट गेली असती तरी मशीन बंद पडलंच नसतं. पदवीधरानं तीन दिवसांत एकदाही टेबलाखाली बघितलं नव्हतं.

ब्राउझर पुढच्या आठवड्यात घडला. आता नात रोज पडद्यावर येते आणि मामा चष्मा घालून निवांत बघतात. मला अजून त्या टेबलासमोर ताठ बसता येत नाही.

परवा गुरुवारी मामा परत किल्ली घेऊन आमच्या दारात आले. "मोठं काम लावलंय आज. बसशील न्हवं?"

"मामा, त्या दिवशी लाईट..."

"चहा करून ठेवलाय, गार हुईल," म्हणाले. किल्ली माझ्या तळहातावर ठेवून बोटं त्यांनीच मिटवली आणि एसटी गाठायला निघाले.

मी दिवसभर स्टुलावर बसलो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तासभर ओळ हलली नाही. मीही हललो नाही.