खारवटीवरचं हिरवं

अड्याळकडच्या आमच्या गावात चराईची कमिटी आहे. मीटिंगमध्ये ठराव कमीच होतात. किस्से मात्र कुसळांसारखे पायजम्याला चिकटतात आणि घरी येऊन एकेक काढत बसावं लागतं!

*

तलावाला लागून आमचं चराऊ रान, आणि त्याच्या मधोमध खारवट. जमिनीवर पांढरा पापुद्रा, ढोरं येता-जाता चाटतात. नागपूरहून आलेल्या माझ्या साळ्यानं विचारलं, "इथं चुना सांडला का?"

गावाची ढोरं चारणारे रामभाऊ म्हणाले, "चाटून पाहा ना पाव्हणे!"

त्यानं खरंच चाटलं! "थू! खारट आहे!"

"मंग? आमची लक्ष्मी का उगीच चाटते?" लक्ष्मी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी त्यांची म्हैस.

*

काठावर बेशरमाची झुडपं माजली. अध्यक्ष वच्छलाबाईंनी भोंग्यावर पुकारायला लावलं, "गावातले सारे बेशरम उद्या सकाळी उपटायचे आहेत!" सकाळी बाया आल्या, पुरुष एकही नाही.

"माणसं कुठं आहेत?" मी विचारलं.

"थे भेले ना!" वच्छलाबाई म्हणाल्या.

*

मग पावसानं दगा दिला. तलाव आटला, ढोरांनी हरळी मुळासकट ओरबाडली, खारवट पसरत गेली. चार सरी आल्या तर हरळीच्या जागी निव्वळ तरोटा! त्याची भाजी आपण खातो, ढोरं तोंड लावत नाहीत. एका वर्षात रानातली सगळी बिऱ्हाडं बदलली, मी थक्क होऊन पाहत राहिलो.

रामभाऊ वैतागले, "आता मी तरोटा खातो अन् ढोरायले माहा डबा देतो!"

*

शेवटी सरपंचांनी सांगून टाकलं, या पावसाळ्यात खारवटीवर गवत आलं नाही तर तिथं मुरूम टाकून गोदाम बांधायचं. मग रामभाऊंची ढोरं जाणार कुठं? आम्ही गवताचं बी फेकलं, बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. एका दुपारी रामभाऊंचा डोळा लागला आणि लक्ष्मी अख्खा कळप घेऊन आत! आदल्या रात्रीच्या सरीनं जमीन ओली, सारं तुडवलं. वच्छलाबाईंनी डोक्याला हात लावला. रामभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

पाऊस लागला. काही दिवसांनी सरपंच पाहायला आले, आम्ही मागे मागे. खारवट पांढरीच होती. पण जिथं जिथं खूर रुतला होता तिथं पाणी थांबलं होतं, बी अडकलं होतं आणि खूरभर हिरवं उगवलं होतं. पांढऱ्या जमिनीवर हिरव्या खुरांची रांग, थेट तलावापर्यंत!

"हे पावलं कोनाचे?" सरपंचांनी हळूच विचारलं.

"लक्ष्मीचे," रामभाऊ म्हणाले.

सरपंचांनी चपला काढल्या.