वहिनींचे सात वार

सूर्य पूर्वेला उगवतो आणि वार समोरच्या खोलीतल्या वहिनींना विचारून लागतो, अशी आमच्या मुलुंडच्या चाळीची पक्की समजूत होती. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती, पण चाळीवर राज्य वहिनींचंच होतं. सोमवारी दळण, मंगळवारी रेशन, बुधवारी ताजे बांगडे, गुरुवारी चिंच लावून पितळेची भांडी लख्ख, शुक्रवारी सुके बोंबील, शनिवारी मुलांची नखं, रविवारी गाद्या उन्हात. पाच मुलं, दोन दीर, पहिल्या पाळीला जाणारा नवरा, आणि तरी या बाईचा आठवडा कधी अर्ध्या तासानेही हलला नाही. शुक्रवारी अकराच्या सुमारास त्यांच्या तव्यावरून बोंबलाचा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, "शुक्रवार आला गं बाई." भिंतीवरची कॅलेंडरं नुसती शोभेला होती. माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्या तर वार या वासांवरूनच ओळखायच्या.

मला वहिनींचा विलक्षण हेवा वाटायचा. लपवत नाही. माझी मुलं दोनच, पण पीठ संपलंय हे मला परात पुढ्यात घेतल्यावर कळायचं. शाळेची घंटा व्हायची तेव्हा शाळेचा सदरा दोरीवर ओला असायचा. रॉकेल नेमकं पाहुणे आले की संपायचं, आणि मी बाटली घेऊन समोर गेले की वहिनी म्हणायच्या, "अगं, लाजतेस काय? तुझ्यासाठी वेगळं काढूनच ठेवलंय." वेगळं काढून! माझ्या वेंधळेपणाचीसुद्धा त्यांच्या आठवड्यात सोय होती. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. वर सासूबाई, मूळच्या मालवणकडच्या, पानाला चुना लावता लावता समोरच्या दाराकडे बघून म्हणायच्या, "संसार ह्येका म्हणतत." हे वाक्य त्यांनी एकदा तरी माझ्याकडे बघून म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ते काही होत नाही असं दिसल्यावर मी दुसरी इच्छा धरली. वहिनींचा एक वार, एकदाच, सगळ्यांदेखत चुकावा.

आणि तो चुकला. त्या आठवड्यात माझ्या धाकट्या मधूला सोमवारपासून सणसणून ताप होता. थोरल्याची परीक्षा, यांच्या ऑफिसात तपासणी, सासूबाईंचे गुडघे, सगळं एकदमच निघालं होतं. वहिनी रोज दुपारी यायच्या, मला म्हणायच्या, "जा, पाठ टेक जरा," आणि मधूच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत दिवेलागणीपर्यंत बसायच्या. माझ्या हातचं औषध थुंकून टाकणारं पोर त्यांच्या हातून मुकाट्याने घ्यायचं. मला झोप कसली येतेय! मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या जळत राहायची.

मग एका सकाळी ताप उतरला. मी हुश्श म्हणतेय तोच समोरून बोंबलाचा वास आला. म्हणजे शुक्रवार! जागरणांनी माझं उरलंसुरलं भानही गेलं होतं आणि हे तर कधीच ऑफिसला गेले होते, विचारणार कुणाला? मीही डब्यातले बोंबील काढले, भाजले आणि कांदा-कोकम घालून झणझणीत कालवण केलं. सासूबाई दोनदा भात मागून जेवल्या. हात धुताना म्हणाल्या, "आज जमला हां तुका." माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ही पहिली शाबासकी.

संध्याकाळी चाळीच्या टोकाला औदुंबराखाली दत्ताच्या आरतीची घंटा वाजली. ती फक्त गुरुवारी वाजायची. सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. उभ्या जन्मात त्यांनी गुरुवारी मासळीला बोट लावलं नव्हतं. खालच्या मजल्यावरूनही आरडाओरडा ऐकू आला, तिथे आणखी तीन बिऱ्हाडांनी बोंबील केले होते. खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. वहिनी चुकल्या!

तेवढ्यात त्या धावतच आल्या. चेहरा पार उतरलेला. "आजी, वार चुकला माझा. डोक्यात शुक्रवारच बसला होता. माझ्यामुळे तुमचा गुरुवार मोडला."

मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती! सासूबाईंनी वहिनींचा हात धरून त्यांना जवळ बसवलं. "असूं दे गो. तीन दिस ह्या पोराकडे बसलंस, तुका वाराचां भान खंय ऱ्हवतलां? दत्ताक समाजता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण तुका वार बघूक काय झालां होतां?"

मी दोन दिवस धुमसत होते. घटकेत सासूबाईंवर, घटकेत वहिनींवर, आणि मधू पुन्हा गॅलरीत हुंदडायला लागला तेव्हा स्वतःवर.

पुढे वहिनी दहिसरला मोठ्या जागेत राहायला गेल्या. समोर नवं बिऱ्हाड आलं, त्यांच्याकडे कुठल्याही वारी काहीही शिजतं. मी कॅलेंडर बघायला शिकले, रॉकेलही आता संपण्याआधी आणते. वहिनींच्या दळणाचा आणि लख्ख पितळेचा हेवा केव्हाच गेला. एक मात्र अजून सलतं. माझे वार रोजच हरवायचे, पण दुसऱ्याच्या पोराच्या उशाशी बसून माझा एकही कधी हरवला नाही. त्यांचा जन्मात एकच हरवला आणि तो माझ्या घरात.