डोरीनच्या दारात मर्ल

डोरीन हॅल्वर्सनला कुणी विचारलं, "काय करतेस गं सध्या?" तर ती म्हणायची, "दार उघडते, दार लावते." यात खोटं काहीच नव्हतं. गव्हाच्या त्या सपाट, वाऱ्याच्या राज्यात विधिमंडळ भरतं ते फक्त हिवाळ्यात. तेवढे महिने डोरीन लाल कोट घालून सभागृहाच्या दाराशी उभी असायची. नवरा गेला, शेत पुतण्याला कसायला दिलं आणि थंडीत घर खायला उठायला लागलं, तेव्हा त्यांच्या भागाचे आमदार मर्ल टिबेट्स यांनी तिला ही नोकरी लावून दिली. पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "डोरीन, माणूस बघून दार उघडायचं नाही. नियम बघून उघडायचं." तिनं ते मनावर घेतलं. पाय सुजायचे, पण बाई दार सोडून हलायची नाही.

दाराबाहेरच्या लांब व्हरांड्यात लॉबीवाले बसायचे. पगार घेऊन कुणाची तरी बाजू आमदारांच्या कानी घालायची, हा त्यांचा धंदा. छातीवर बिल्ला. त्यांनी आत पाऊल टाकायचं नाही. कुणाशी बोलायचं असलं तर चिठ्ठी लिहायची, डोरीन ती आत नेणार, आमदाराला वाटलं तर तो बाहेर येणार. माजी आमदारांना मात्र आत जायचा जन्मभराचा मान. पण त्यांनीही बिल्ला लावला, की तो मान गेलाच.

आणि हा नियम आणला कुणी? खुद्द मर्ल टिबेट्स आणि लायल क्नुटसन यांनी. दोघं वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या बाकांवर बसले, भांडले, पत्ते खेळले. एकदा एक माजी आमदार कुठल्याशा कंपनीचा पगार खात जुन्या ओळखीवर आत शिरला आणि ऐन मतदानाच्या वेळी बाकाबाकाशी कुजबुजत हिंडला. लायलचं डोकंच फिरलं. दोघांनी मिळून कायदा करून घेतला: आमदारकी गेल्यावर दोन वर्षं लॉबीचं काम करायचं नाही, आणि त्यानंतर केलं तर सभागृहात पाय ठेवायचा नाही.

पुढं मर्लच निवडणूक हरला. दोन वर्षं त्यानं निमूटपणे शाळेची बस चालवली. त्याच काळात त्याची बायको व्हेरा विसरायला लागली, आधी माणसांची नावं, मग स्वतःचं घर. तिला गावच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, आणि खेड्यापाड्यांतले आश्रम तर एकामागून एक बंद पडत चाललेले. आश्रमांच्या संघटनेचा अध्यक्ष ड्वेन त्याच्याकडे आला, म्हणाला, आमची बाजू मांडा. मर्लनं बिल्ला लावला. लोक बोलले काय काय. बोलणाऱ्याचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पहिल्याच सकाळी डोरीननं सवयीनं त्याच्यासाठी दार उघडून धरलं. मर्ल हसला. "लाव गं ते. आपलेच दात, आपलेच ओठ."

पण मार्चमध्ये स्मरणाचा दिवस आला. वर्षभरात गेलेल्या माजी आमदारांची नावं त्या दिवशी वाचतात, आणि गेलेल्याच्या जुन्या बाकावर त्याचा शेजारी पांढरं फूल ठेवतो. त्या वर्षी यादीत लायल होता.

मर्ल काळा सूट घालून, हातात फूल घेऊन आला. छातीवर बिल्ला नव्हता.

"उघड, डोरीन."

"मर्ल, बिल्ला कुठंय तुमचा?"

"खिशात. आज मी कुणाचा पगारी माणूस नाही. लायलचा शेजारी आहे."

"बिल्ला खिशात घातला म्हणून लॉबीवाल्यांच्या यादीतलं नाव थोडंच पुसलं जातं?" ती हळू आवाजात म्हणाली. "आणि दुपारी तुमच्या आश्रमांच्या अनुदानाचं विधेयक मतदानाला आहे. तुम्ही आत दिसलात तर म्हणतीलच, मर्ल फुलाआडून मतं मागायला आला. विधेयक पडलं तर व्हेरानं जायचं कुठं?"

"व्हेराला मधे आणू नकोस." मर्लचा चेहरा लाल झाला. "पाच मिनिटांचं काम आहे. तुला या दारात कुणी उभं केलं, ते तरी आठव."

हे तिला फार लागलं. मीठ त्याचंच खाल्लेलं, ते ती कशी विसरेल? तिचा हात दाराच्या मुठीवर होता, नुसती दाबायचा अवकाश. पण तिनं ती दाबली नाही.

"आठवतंय म्हणूनच नाही म्हणते," ती कशीबशी बोलली. मर्ल पाठ फिरवून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. तिच्याकडे बघेना.

आत नावं वाचायला सुरुवात झाली. तेवढ्यात लायलची बायको इर्मा काठी टेकत बाहेर आली.

"मर्ल कुठं अडकलाय?"

"मी अडवलंय त्यांना," डोरीन म्हणाली.

इर्मानं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बरं केलंस. नाहीतर आमचा म्हातारा थडग्यातून उठून आला असता भांडायला." तिनं मर्लच्या हातातलं फूल काढून घेतलं आणि डोरीनपुढं धरलं. "मग तू ठेव. दर सोमवारी तुझ्यासाठी बेकरीतून कॅरॅमल रोल आणायचा तो. मला मेल्यानं कधी आणला नाही."

"अगं, पण मी दार सोडून कशी जाऊ?"

मर्ल गुडघ्यांवर हात रेटत उठला. राग अजून चेहऱ्यावर होताच.

"जा तू," तो म्हणाला. "मी उभा राहतो इथं."

डोरीन इतकी वर्षं चिठ्ठ्या घेऊन आत गेली होती, पण फूल घेऊन जायची ही पहिलीच वेळ. लायलचं नाव वाचलं गेलं. आमदार उभे राहिले. लाल कोटातल्या दरवानबाईला बघून सभागृहाचे अध्यक्ष जरा गोंधळले, मग त्यांनी मान झुकवली. तिनं बाकावर फूल ठेवलं आणि लायलसाठी थोडं, मर्लसाठी जास्त, अशी ती तिथंच रडली. मग डोळे पुसून, इर्माला तिच्या जागेवर बसवून बाहेर आली.

मर्ल बंद दाराला पाठ लावून उभा होता. घामाघूम झालेला.

"ड्वेन आला होता," तो म्हणाला.

"काय म्हणत होते?"

"मतदानाआधी दोघा आमदारांना भेटून येतो, घडीभर आत सोड म्हणाला. मी म्हटलं, चिठ्ठी लिहा."

"मर्ल, अहो, ते पगार देतात तुम्हाला."

"तेच म्हणाला तो. उद्यापासून दुसरा माणूस बघतो म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बघा." मर्लनं पाठीमागच्या दारावर हात ठेवला. "म्हटलं, आत लायल आहे. आज तरी मी कुणाला सोडणार नाही."