साहेब उठल्याशिवाय

चिंचवडच्या आमच्या घरासमोर सुमो येऊन उभी होती आणि बाबा दारात माझ्या बॅगा उंचीप्रमाणे ओळीने लावत होते. मेतकुटाची पुडी नक्की कुठल्या बॅगेत घातली ते आईला आठवत नव्हतं, पण बाबा लावलेली ओळ मोडू देईनात. दोन हजार एकचा फेब्रुवारी होता. मी मिशिगनमधल्या ट्रॉयला निघालो होतो, गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका जपानी कंपनीच्या ऑफिसात. बाबांना अमेरिकेचं काही नव्हतं. कंपनी जपानी आहे याचंच सगळं कौतुक. ऐंशीच्या दशकात त्यांच्या कारखान्याने त्यांना तीन महिने नागोयाला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथून ते अजून पुरते परत आलेले नाहीत असं आई म्हणायची. पहाटे गच्चीवर जपानीत इची, नी, सान मोजत व्यायाम, चपला रांगेत, आणि संध्याकाळी परांजपे साहेबांच्या केबिनमधला दिवा मालवेपर्यंत मुक्काम कारखान्यात. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीत वाकून सांगितलं, "साहेब उठल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. बाकीचं आपोआप होतं."

मी सोडली नाही. आमचे साहेब इशिदा-सान, पन्नाशी उलटलेले, बायको-मुलांना जपानमध्ये ठेवून एकटे राहणारे. त्यांचं टेबल अशा जागी होतं की सगळं ऑफिस नजरेत यावं. पाच वाजले की अमेरिकन सहकारी "सी या" म्हणून पार्किंग लॉटकडे सुटायचे. त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही, त्यांची जातकुळीच वेगळी. आठच्या सुमाराला इशिदा-सान उठायचे, मग मी उठायचो. गाडीत बसून कॉलिंग कार्डावरून बाबांना फोन लावायचो, तेव्हा तिकडे त्यांची व्यायामाची वेळ झालेली असे. "निघालास?" "आत्ताच." "साहेब?" "तेही आत्ताच." मग ते समाधानाने म्हणायचे, "बरं, ठेवतो." फोन नेहमी तेच ठेवायचे, मी कधीच नाही.

तीन वर्षं असं सुरळीत चाललं आणि केंता आला. तिशीही न गाठलेला, थेट जपानच्या हेड ऑफिसातून बदलून आलेला. पहिल्याच दिवशी साडेपाचला त्याने लॅपटॉप मिटला, खुर्ची आत सरकवली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "ओसाकिनी शित्सुरेई शिमासु." म्हणजे तुमच्याआधी निघतोय, माफ करा. असं वाक्य त्यांच्या भाषेत आहे हे मला ठाऊक होतं, पण ते कुणी खरंच साडेपाचला वापरेल असं वाटलं नव्हतं. आता आभाळ कोसळणार म्हणून मी इशिदा-सानांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. आभाळ जागच्या जागी राहिलं आणि माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

त्यात तो राहायचा आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये. वैशाली, माझी बायको, रोज बातमी द्यायची. केंता मुलीला स्ट्रोलरमधून फिरवत होता. केंता ग्रिलवर मासे भाजत होता. त्याला दुसरी मुलगी झाली तेव्हा त्याने चक्क तीन आठवडे रजा घेतली आणि ती मंजूरही झाली. आमची ईरा झाली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी डिझाइन रिव्ह्यूला हजर होतो आणि त्याबद्दल बाबांनी फोनवर शाबासकी दिली होती. मला त्या पोराच्या रजेचा हेवा वाटायचा, त्याच्या भाजलेल्या माशांचा वाटायचा, आणि सगळ्यात जास्त त्याच्या चेहऱ्याचा, कारण त्यावर अपराधीपणाचा मागमूस नसायचा. एकदा लंचला त्याला विचारलंच. तो म्हणाला, "माझे वडील आमच्याबरोबर कधी रात्री जेवले नाहीत. सगळं आयुष्य कंपनीला दिलं. मग मंदी आली आणि कंपनीने त्यांना बावन्नाव्या वर्षी घरी बसवलं. आता जपानमध्ये माझ्या वयाचे बरेच जण असे आहेत. आम्ही काम देतो, संध्याकाळ देत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा ट्रॉयला आले आणि माझ्या जळफळाटाला कळस चढला. बाबांनी कॉम्प्लेक्समधल्या तळ्याकाठी केंताला हेरलं. नागोयाच्या शिदोरीतले वीस-पंचवीस जपानी शब्द बाहेर काढले आणि दोघांची गट्टी जमली. रोज संध्याकाळी माझे वडील आणि केंता तळ्याला फेऱ्या मारायचे, पुढे स्ट्रोलर, बाजूला ते आगाऊ रानहंस, कॅनडा गीझ. आणि मी बिग बीव्हर रोडवरच्या ऑफिसात इशिदा-सान कधी उठतात याची वाट बघत बसलेला. वडील माझे, बोलावले मी, आणि फिरायला नेतो तो!

एका रात्री पीच कापता कापता बाबा म्हणाले, "पोरगा गुणी आहे हो. वेळेवर घरी येतो."

मी म्हटलं, "बाबा, तो साहेबांच्या आधी उठतो."

"त्याचं निराळं," बाबा म्हणाले. "तो त्यांचाच आहे. त्याला चालतं."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. रीत त्यांची, ती मोडायचा हक्कही त्यांचा. आम्ही आपले दुसऱ्याची रीत उसनी आणून जपत बसलेलो, हळद-कुंकू वाहून. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे पटेल, आणि जे मागे राहिले त्यांना माझाच हेवा वाटत असेल, तर तो जरा आवरा.

दोन हजार सहामध्ये केंताने राजीनामा दिला आणि जपानमध्ये आपल्या आईच्या गावाजवळच्या छोट्याशा कारखान्यात नोकरी धरली. इशिदा-सान सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "उरायामाशी." मला तुझा हेवा वाटतो. किती सहज म्हणाले! आपल्याकडे हे तोंडावर कोण बोलतं? मी केंताला नुसता हात मिळवून "कीप इन टच" म्हटलं.

दोन हजार आठच्या शरदात गाड्यांचा धंदा बसला. ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झाली आणि इशिदा-सानांना जपानला परत बोलावलं. त्यांची खोकी गाडीत चढवायला मी गेलो. डिकीत मासे पकडायचा एक लांब गळ होता, प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा न काढलेला.

"नवा घेतलात?" मी विचारलं.

"आलो त्याच वर्षी घेतला," ते म्हणाले. "इथे एवढी तळी. पण मासे लागतात संध्याकाळी."

"मग गेला का नाहीत?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सुहास-सान, तुम्ही रोज बसलेले असायचात. माझा माणूस काम करतोय आणि मी मासे धरायला जाऊ? हेड ऑफिसकडून विचारणा यायची, तुमच्याकडे इतका उशीर का? मी म्हणायचो, आमचे भारतीय इंजिनिअर फार मेहनती आहेत."

मला हसू यावं की रडू, कळेना. काम माझं सहालाच संपलेलं असायचं. पुढचा वेळ मी त्यांच्या टेबलाकडे चोरून बघण्यात काढायचो. तेही तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी उठलो, त्यांच्या रिकाम्या टेबलासमोर वाकलो, "ओसाकिनी शित्सुरेई शिमासु" म्हटलं आणि घरी आलो. स्वयंपाकघरात तिरपं ऊन आलं होतं. ईरा टेबलावर रंगांचा पसारा मांडून बसली होती, वैशाली शेंगा निवडत गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. या घरात रोज अशी एक संध्याकाळ होत होती आणि ती माझ्याशिवाय छान चालली होती. त्या क्षणी मला त्या दोघींचाही हेवा वाटला.

आठ वाजता बाबांना फोन केला. "निघालास?"

"घरीच आहे बाबा. कधीचा."

"बरं नाही का तुला?"

"बरा आहे."

"नोकरी गेली का रे?"

"नाही हो." मग मी त्यांना इशिदा-सानांचं आणि त्या गळाचं सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. पण त्यांनी हळूच विचारलं, "आमचे परांजपे साहेबसुद्धा... माझ्यासाठीच थांबत असतील का रे?"

मी म्हटलं, "छे! त्यांना काम असणार."

"हां. काम असायचं त्यांना," बाबा म्हणाले. पण पुढे नेहमीचं "ठेवतो" आलं नाही.

इकडे वैशालीने ताटं वाढली होती. ईरा माझ्या खुर्चीवर थाप मारून म्हणाली, "बाबा, सिट!"

"बाबा," मी फोनवर म्हटलं, "मी आधी ठेवू का? घरी सगळे जेवायचे थांबलेत."

"ठेव, ठेव," ते घाईघाईने म्हणाले. "त्यांना थांबवू नकोस."