पूल उचलणाऱ्या बाईचा दुसरा भाग

त्या सोमवारी भर दुपारी अंबरनाथच्या पोस्टाबाहेर उभं राहून मी बायकोची तिकिटं माझ्या पत्राला चिकटवली. चूक म्हणाल तर एवढीच. तीन तिकिटं, जीभ लावून, घाईत, त्यातलं एक उलटं. खिडकी जेवायला बंद होती, पेटी समोर होती आणि मी रागात होतो. रागात असताना मी एकही काम धड करत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मला जरा उशिरा कळतं.

राग होता एका सिनेमावर. चाळिशीकडे झुकलेला, कारखान्यात भांडार अधिकारी असलेला, एका मुलीचा बाप असलेला माणूस सिनेमावर एवढा रागावतो का, असं तुम्हाला वाटेल. रागावतो. तो सिनेमा बघा आणि मग बोला.

याचा पहिला भाग आम्ही काही वर्षं आधी घरीच पाहिला होता. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, तिथून मी शनिवारी व्हीसीआर आणि कॅसेट आणायचो. पाच जणांची टोळी, प्रत्येकाच्या अंगात काहीतरी अचाट शक्ती, आणि पाचही जण मिळून जग वाचवतात, असा तो इंग्रजी सिनेमा. एक उडायचा, एक भिंतीतून जायचा, एकाला मैलभर लांबचं ऐकू यायचं, एक पाण्याखाली राहायचा. पाचवी होती ती बाई. तिने नुसता हात लावला की वस्तूचं वजन नाहीसं व्हायचं. शेवटी आगगाडीचा पूल कोसळायला लागतो, गाडी वर, खाली नदी, आणि ही बाई एका तळव्यावर अख्खा पूल तोलून धरते. गाडी निघून जाईपर्यंत. चेहऱ्यावर कसला भाव नाही. दुधाचं पातेलं उतरवावं तशी.

आमच्याकडे पाणी खालच्या टाकीत यायचं आणि बादल्या वर न्याव्या लागायच्या. त्यामुळे उडणाऱ्याचं आम्हाला काही वाटलं नाही. उडून जायचं कुठे? पण ही बाई आमच्या जिन्यात हवी होती यावर घरात एकमत होतं. बायको बादली उचलताना म्हणायची, “तुमच्या त्या बाईला बोलवा जरा.” मुलगी रिकाम्या बादलीला हात लावून म्हणायची, “बाबा, बघा, वजन गेलं.”

इंग्रजी मला जेमतेम कळायचं. मी आपला कळल्यासारखं करून सगळ्यांना मराठीत सांगायचो. बायको दोन-तीन वाक्यं ऐकून घ्यायची आणि मग हळूच म्हणायची, “तो तसं नाही म्हणाला.” ती बीएस्सी, मी डिप्लोमावाला. लग्न झालं तेव्हा ती शहाडला रंगाच्या एका लहानशा कारखान्यात प्रयोगशाळेत होती. रंगाचे नमुने तपासायची. मुलगी झाली, माझी आई आजारी पडली, आणि तिने नोकरी सोडायची असं आमचं ठरलं. ठरलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

तर ती कॅसेट मी इतक्या वेळा आणली, की दुकानदार एकदा म्हणाला, “साहब, इतनी बार तो मैंने अपनी शादी की कैसेट नहीं देखी.” मी म्हटलं, “शादी में पूल किसने उठाया था?” तो म्हणाला, “वो तो अभी तक मैं ही उठा रहा हूँ, साईं.”

आणि मग बातमी आली, दुसरा भाग येतोय. तोही उल्हासनगरच्या थिएटरात, मोठ्या पडद्यावर, हिंदीत. मी महिनाभर घरात दुसरं काही बोललो नाही म्हणतात. मला आठवत नाही, पण विरोधात साक्षीदार दोन आहेत.

रविवारी मॅटिनीला गेलो, तिघंही. सिनेमा हिंदीत असल्यामुळे एकही संवाद चुकीचा समजून घ्यायची सोय राहिली नाही.

पहिली गोष्ट, पाचाचे आठ झालेले. नवे तिघे कोण, कुठले, त्यांना टोळीत घेतलं कोणी, काही सांगायचं नाही. एकाच्या डोळ्यांतून धूर यायचा. का, ते त्यालाही माहीत नसावं. पहिल्या भागात ज्या खलनायकाला डोंगराखाली पुरला, तो इथे दाढी करून परत हजर. विचारायचं नाही. एवढं मी सहन केलं. भांडारात काम करणाऱ्या माणसाला कागदावर पाच आणि प्रत्यक्षात आठ यांची सवय असते.

पण त्या बाईचं काय केलं असेल? तिचं त्या उडणाऱ्याशी लग्न लावून दिलं. टेकडीवर बंगला. पडदे. शत्रू शहरावर चालून येतो, सातही जण निघतात, आणि उडणारा दारात वळून तिला म्हणतो, “तुम घर सँभालो.” बस. पूल उचललेल्या बाईला. आणि ती मान हलवते. मी खुर्चीत पुढे सरकलो. म्हटलं, आता मागून जाईल, आता पोचेल, ऐन वेळी हात लावेल. अर्धा तास ती खिडकीत उभी. मग शत्रूचा एक माणूस बंगल्यात शिरतो, झटापटीत कपाट पडतं, आणि ती त्या कपाटाखाली अडकते.

कपाटाखाली. लाकडी, दोन दारांच्या.

तिचा हात कपाटाला लागलेला मला स्वच्छ दिसत होता. वजन गेलं नाही. ती रडत नवऱ्याला हाका मारत राहिली. तो उडत आला, त्याने कपाट उचललं, आणि थिएटरात टाळ्या पडल्या. तिची शक्ती कुठे गेली, कधी गेली, कोणी काढून घेतली, की ती स्वतःच विसरली, याबद्दल तीन तासांत एक अक्षर नाही. मुलीने माझी बाही ओढली. “बाबा, तिला येत होतं ना?”

बायको पडद्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर मी मॅनेजरला गाठलं. सिंधी गृहस्थ, शांत, पान खाल्लेले. मी म्हटलं, “ये क्या दिखाया आपने?” ते म्हणाले, “पार्ट टू.” मी म्हटलं, “उस औरत की ताकत किधर गई?” ते म्हणाले, “साईं, मैंने थोड़ी बनाई है. मैंने तो पूरी देखी भी नहीं.” मी हटलो नाही. मागे रांग थांबली. शेवटी त्यांनी वितरकाचा मुंबईचा पत्ता एका जुन्या तिकिटामागे लिहून दिला, म्हणाले, “इनको लिखो. दिल हल्का हो जाएगा.” तोपर्यंत बायको आणि मुलगी रिक्षात जाऊन बसल्या होत्या, ओळख नसल्यासारख्या.

सोमवारी सकाळी निघताना बायकोने माझ्या हातात एक पाकीट दिलं. शहाडच्या त्याच कारखान्यात तिच्या जुन्या जागेवर माणूस हवा होता. तिच्या बरोबरच्या एका बाईंनी निरोप पाठवला होता. मुलगी दहा वर्षांची झाली होती, आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने अर्ज लिहिला, सर्टिफिकिटांच्या नकला साक्षांकित करून जोडल्या. मला दाखवला तेव्हा मी “बरं” म्हटलं होतं. माझं लक्ष त्या दिवशी कुठे होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

“शनिवारी शेवटची तारीख आहे,” ती म्हणाली. “इथल्या पेटीचा भरवसा नाही, अंबरनाथच्या पोस्टातून टाका. वजन करून घ्या. तिकिटं आत कागदात गुंडाळली आहेत, कमी पडली तर आणखी लावा. आजच टाका हं.”

“आजच,” मी म्हटलं.

ऑफिसात पोचलो आणि आधी कार्बन घातला. चार फुलस्केप कागद, चौदा मुद्दे. मी माल परत पाठवताना लिहितो तसं क्रमाने लिहिलं. सातवा मुद्दा मला अजून पाठ आहे: ‘आगगाडीचा पूल तोलणाऱ्या बाईला घरी बसवण्याचा निर्णय कोणी घेतला? तो घेताना तिला विचारले होते काय? विचारले असल्यास तिचे उत्तर सिनेमात का नाही?’ मराठीत लिहिलं. मुंबईतल्या माणसाला कळायला हरकत नव्हती. दुपारच्या सुट्टीत तडक पोस्टात गेलो. खिडकी बंद. तीनपर्यंत माझा राग टिकला असता, पण मला तो गरम असतानाच पाठवायचा होता. मग ती तिकिटं. तिचं पाकीट मी नीट, जपून, माझ्या पत्राच्या कार्बन प्रतीबरोबर फायलीत ठेवलं. उद्या तिकिटं घेऊन टाकू म्हटलं.

मंगळवार ते शुक्रवार मी अंबरनाथमधल्या यच्चयावत ओळखीच्या माणसांना तो सिनेमा सांगितला. कँटीनवाल्याला दोनदा. कपाट दोन दारांचं होतं हे सांगताना माझा आवाज चढायचा. घरी बायको विचारायची, “टाकलं ना?” मी म्हणायचो, “सोमवारीच.” खोटं बोलत नव्हतो. माझं टाकलंच होतं.

शनिवारी साडेबाराला शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना सातवा मुद्दा वाचून दाखवावा म्हणून फाईल उघडली. कार्बन प्रत बाहेर काढली, तिला चिकटून पाकीट बाहेर आलं. बिनतिकिटाचं. तिच्या वळणदार अक्षरात पत्ता. गृहस्थ म्हणाले, “वाचा की.”

रिक्षा केली. अंबरनाथहून शहाडला उल्हासनगर मधोमध कापून जावं लागतं. कॅम्प चारमध्ये एका वर्कशॉपसमोर रस्ता बंद. चार माणसं मिळून एक लोखंडी कपाट हातगाडीवर चढवत होती, ते तिरकं होऊन अडलं होतं. नवंकोरं, आरशाचं. त्या आरशात मी मला दिसत होतो, मांडीवर पाकीट घेऊन रिक्षात बसलेला. रिक्षावाला म्हणाला, “उतरके हाथ लगाओ ना साहब.” उतरलो. लावला. वजन होतं तेवढंच राहिलं, आणि बोट चेमटलं ते वेगळं.

कारखान्याच्या गेटवर पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीतला कारकून डबा उघडून बसला होता.

“एकला बंद, साहेब. अर्ज वर गेले.”

“दहा मिनिटं तर झालीत.”

“दहा काय नि दोन काय. बंद म्हणजे बंद.” त्याने पाकिटावरचं नाव वाचलं. “अर्ज बाईंचा आहे?”

“हो.”

“मग बाई का नाही आल्या?”

मला त्याचा भयंकर राग आला. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो जेवत राहिला. अकरा वर्षं मी माझ्या भांडाराच्या खिडकीत हेच करत होतो, एक वाजून दोन मिनिटांनी आलेला ट्रक सोमवारवर ढकलत होतो, आणि ट्रकवाले मला जे म्हणत असतील तेच सगळं मी त्याला म्हणालो होतो. मग वर्कशॉपसमोर चेमटलेल्या बोटाला फुंकर घालत परत निघालो.

वाटेत एक विचार आलाच. पोस्टात गहाळ झालं म्हणावं. पोस्टावर कोणीही विश्वास ठेवतं, आणि पोस्ट काही घरी येऊन नाकारत नाही. कल्याणपर्यंत मी हे वाक्य मनात तीन प्रकारे बोलून पाहिलं. तिन्ही प्रकारे ते चांगलं वाटत होतं.

घरी आलो तर दारातल्या दोरीवर एक पांढरा कोट वाळत होता. प्रयोगशाळेतला. दहा वर्षं ट्रंकेत होता. घडीच्या जागी पिवळी रेघ राहिली होती आणि वरचं बटण नवीन होतं, बाकीच्यांपेक्षा जरा मोठं. मी चपला काढल्या आणि सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात.

ती ऐकत होती. मुलगी गृहपाठ करत होती, तिची पेन्सिल थांबली.

“म्हणजे गेलंच नाही,” बायको म्हणाली.

“नाही.”

“आणि तिकिटं?”

“ती... माझ्या पत्राला लावली.”

“सगळी?”

“चार कागद होते ना.”

तिने हात पुढे केला. मला वाटलं, पाकीट मागते आहे, म्हणून पाकीट दिलं. तिने ते बाजूला ठेवलं. “पत्राची प्रत असेल ना? तुम्ही ठेवताच.”

मी कार्बन प्रत दिली. ती खिडकीपाशी बसली आणि वाचायला लागली. पहिला कागद, दुसरा. घाई नाही. मी सातव्या मुद्द्यावर ती थांबते का ते बघत होतो. थांबली. परत पहिल्यापासून वाचला तो. मग उरलेले सातही वाचले, चारही कागद एकावर एक ठेवून कडा जुळवल्या आणि मला परत दिले.

“पत्र छान लिहिलंय तुम्ही,” ती म्हणाली. “त्यांचं उत्तर आलं की मलाही वाचायला द्या.”